गुडघाभर दगडांत बघायचं काय? चेस्टर्सचा रोमन किल्ला आणि त्याच्या पायथ्याची नदी

प्रश्न थोडक्यात असा होता. न्यूकासलला राहणारं एक मराठी कुटुंब रविवारी हेड्रियनच्या भिंतीवरचा (उत्तर इंग्लंडमध्ये रोमनांनी बांधलेली लांबलचक सरहद्दीची भिंत) चेस्टर्स रोमन फोर्ट बघायला गेलं, तिकीट काढून आत गेले तर हिरवंगार गवत, चरणारी मेंढरं आणि गुडघाभर उंचीचे दगड. राजगड-रायगड पायाखाली घातलेली माणसं, त्यांना प्रश्न पडला की तट कुठंय, बुरूज कुठंय, डोंगर सोडून नदीकाठच्या सपाटीवर किल्ला कोण बांधतं, आणि नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं की बोर्डवर पाचशे घोडेस्वार लिहिलंय, मग ते घोडे ठेवायचे कुठं?

मुलाचा प्रश्न सगळ्यात भारी आहे, त्याच्याकडे येतेच. आधी माझ्याबद्दल दोन शब्द म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी डेक्कन कॉलेजला शिकले आणि गेली सोळा वर्षं इकडं उत्तर इंग्लंडमध्ये फील्ड आर्किऑलॉजिस्ट म्हणून काम करते, म्हणजे रस्ता, पाइपलाइन, घरं होण्याआधी जमीन खणून तपासायची ते काम. रोमन काळातलं बरंच काही हाताखालून गेलंय. चेस्टर्सला मी स्वतः खणलेलं नाही, पण वर्षातून तीन-चार वेळा तरी तिथं जाते, कोणी पाहुणे आले की त्यांना नेते, आणि प्रत्येक वेळी गेटमधून आत शिरल्यावर त्यांचा पडलेला चेहरा बघते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, डोक्यातला गड बाजूला ठेवा. आपला गड म्हणजे शत्रू वर येऊ नये म्हणून निवडलेली जागा, कडा हाच तट. रोमन फोर्ट म्हणजे आपल्या भाषेत छावणी, कॅन्टोन्मेंट. पुण्यात आपण नुसतं ‘कॅम्प’ म्हणतो ना, अगदी तसंच, कारण चेस्टर्स हे नावच लॅटिनमधल्या कास्त्रा, म्हणजे छावणी, या शब्दावरून जुन्या इंग्लिशमध्ये आलं. मँचेस्टर, लँकेस्टर, चेस्टर, सगळी त्याच घरातली. किल्ल्याचं खरं रोमन नाव किलुर्नम. तर ही राहण्याची आणि कामावर निघण्याची जागा, वेढा पडल्यावर सहा महिने तग धरायची जागा नव्हे. आणि एक गैरसमज जाता जाता काढून टाकते, हेड्रियनची भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची बॉर्डर नाही, ती सगळीच्या सगळी आजच्या इंग्लंडमध्ये आहे.

रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास भिंतीचं काम सुरू झालं. पूर्वेला टाइन नदीवरच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वे खाडीवरच्या बोनेसपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे साधारण ११७ किलोमीटर. तीन लीजननी, म्हणजे रोमन फौजेच्या तीन मोठ्या पलटणींनी, मिळून बांधली. प्रत्येक रोमन मैलावर एक छोटी चौकी आणि दोन चौक्यांच्या मध्ये दोन टेहळणी मनोरे, असा मूळ प्लॅन, त्यात भिंतीवर मोठे किल्ले नव्हतेच, सैन्य मागं दक्षिणेला राहणार होतं. मग दोन-तीन वर्षांत प्लॅन बदलला आणि सैन्य थेट भिंतीवर आणायचं ठरलं. हा निर्णय चेस्टर्सच्या जमिनीत अक्षरशः वाचता येतो. किल्ल्याच्या पोटात, फरशांच्या खाली, आधी बांधलेल्या भिंतीचा पाया सापडला, एक पाडलेला मनोरा सापडला (त्याला आम्ही २७ए म्हणतो), आणि भिंतीपुढचा खंदक माती भरून बुजवलेला सापडला. म्हणजे बांधलेलं पाडून, खणलेलं बुजवून त्याच्यावर किल्ला बसवलाय. सरकारी कामात रस्ता झाल्यावर पाइपलाइन आठवते ते फक्त आपल्याकडेच नाही.

आता तुम्ही पूर्वेच्या मोठ्या दरवाजापाशी उभे राहा, तिथलं बांधकाम बऱ्यापैकी शिल्लक आहे. दोन कमानींचा दरवाजा. खाली बघा, वर बघून काही मिळणार नाही. उंबऱ्याच्या कडेला वाटीसारखे गोल खड्डे दिसतील, त्यात दाराच्या खुंट्या फिरायच्या. मध्ये एक उभा दगड आहे, दार बंद केल्यावर तिथं अडायचं. आपल्या वाड्यांचे जुने दरवाजे खुंटीवर फिरायचे, तशीच पद्धत. मग मान वळवून भिंत किल्ल्याला कुठं येऊन मिळते ते बघा. ती दरवाजाच्या दक्षिणेकडच्या बाजूला येऊन मिळते, म्हणजे हा दरवाजा भिंतीच्या उत्तरेला, शत्रूच्या बाजूला उघडतो! पश्चिमेचा मोठा दरवाजाही तसाच, उत्तरेचा तर आहेच. किल्ल्याला एकूण सहा दरवाजे, त्यातले तीन मोठे दुहेरी दरवाजे भिंतीच्या पलीकडे. लपून बसणारा माणूस असं बांधेल का? ज्याला सकाळी दार उघडून शंभर-दोनशे घोडे एका दमात उत्तरेला सोडायचेत तोच असं बांधेल. माझ्या मते चेस्टर्समधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि लोक दोन मिनिटांत तिच्यावरून चालत पुढं जातात. नंतरच्या काळात भिंतीवरच्या बऱ्याच किल्ल्यांत दोनातली एक कमान दगडांनी चिणून टाकलेली दिसते, म्हणजे एवढ्या दरवाजांची गरज पडत नाही हे त्यांच्याही लक्षात आलं.

मग नदीकाठी का, तर नदीसाठीच. तिचं नाव नॉर्थ टाइन. भिंत पूर्वेकडून येते, दरीत उतरते, नदी ओलांडते आणि पलीकडे चढते. आता भिंत दगडाची, ती पाण्यावरून कशी नेणार, पूल लागणार, आणि पूल म्हणजे भिंतीतलं सगळ्यात मोठं भोक. शिवाय नदीचं खोरं ही उत्तरेकडून खाली यायची सोपी वाट, डोंगर चढायला नको, काठाकाठानं चालत या. म्हणून पूल सांभाळायला माणसं हवीत. आणि घोडदळच का, तर आजूबाजूला सपाटी आणि कुरणं आहेत, चारा आहे. पश्चिमेला हाउसस्टेड्सच्या बाजूला कड्यावर किल्ला आहे, तो बघितला तर तुम्हाला जास्त घरच्यासारखं वाटेल, पण तिथं पायदळ होतं. जागा आणि सैनिक यांची जोडी त्यांनी नीट विचार करून लावलेली आहे.

आता घोडे. किल्ला सुमारे पावणेसहा एकरांचा, कोपरे गोल केलेला आयत, पत्त्यासारखा. घोडदळाच्या तुकडीला लॅटिनमध्ये ‘आला’ (ala) म्हणायचे, तिच्यात साधारण ५०० स्वार. हेड्रियनच्या काळात इथं एक घोडदळ होतं, त्यांनी ‘शिस्त’ या देवीला वाहिलेला दगड सापडलाय, बघा, शिस्तीची देवी! नंतर दुसऱ्या शतकाच्या शेवटी उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियाचं दुसरं घोडदळ आलं आणि ते पुढं पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलं. सैनिक रोमहून आले होते असं आपल्याला वाटतं, तसं नाही, ही सगळी जिंकलेल्या मुलखातली पोरं, पंचवीस वर्षं नोकरी केली की रोमन नागरिकत्व मिळायचं. त्याचा पुरावा म्हणून ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला दाखला मिळायचा, तसा इ.स. १४६ चा एक दाखला याच किल्ल्यात सापडला आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की मला माझं स्वतःचं इथल्या पासपोर्टचं पाकीट आलं तो दिवस आठवतो.

तर पाचशे घोडे कुठं? गंमत म्हणजे इथल्या गावकऱ्यांना हा प्रश्न आधीच पडला होता. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट चालत आलेली की या शेताखाली पाचशे घोड्यांचा भुयारी तबेला आहे. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याखालून एक भुयार शेजारच्या किल्ल्यापर्यंत जातं ना, अगदी तीच गोष्ट. १८०३ मध्ये किल्ल्याच्या मध्यावर खरोखर एक तळघर सापडलं, लोखंडी पट्ट्या मारलेलं लाकडी दार होतं, हवा लागल्यावर त्याचा भुगा झाला. तबेला मात्र नव्हता, ती तिजोरी होती. आजही आहे ती, मुख्य कचेरीच्या मागच्या खोलीत, पायऱ्या उतरून खाली बघा, वरचं दगडी छत तसंच आहे. त्याच्या वरच्या बाजूला तुकडीचे झेंडे ठेवलेलं देवघर होतं, आणि देवाच्या शेजारी जमिनीखाली पगाराचे पैसे. चोरी करायची तर सम्राटाच्या प्रतिमेसमोर करावी लागली असती. याच कचेरीच्या अंगणात एक विहीर आहे आणि फरशीवर एका जागी पुरुषाचं लिंग कोरलेलं आहे, मुलांना घेऊन जाताना पालक तिथं गोंधळतात, पण तो त्यांचा दृष्ट लागू नये म्हणूनचा उपाय, आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो त्या जातीचा.

घोड्यांचं खरं उत्तर चेस्टर्सला सापडलं नाही, ते वीस-पंचवीस मैलांवर वॉल्सएंडला १९९०च्या दशकाच्या शेवटी झालेल्या खोदकामात सापडलं. तोपर्यंत बरेच जण म्हणायचे की घोडे किल्ल्याबाहेर ठेवत असणार, एवढ्या जागेत मावणार कसे. वॉल्सएंडला बराकीतल्या प्रत्येक खोलीचे दोन भाग निघाले, मागच्या भागात चूल आणि पुढच्या भागात जमिनीत लांबट खड्डा. तो खड्डा घोड्यांचं मूत मुरायला. म्हणजे पुढच्या खोलीत तीन घोडे, मागच्या खोलीत त्यांचे तीन स्वार, मध्ये एक भिंत. कोकणात, घाटावर जुन्या घरांत गोठा घरालाच लागून असायचा, रात्री गाय हंबरली तर आजी अंथरुणातून हाक मारायची, तेच. आता चेस्टर्सच्या ईशान्य कोपऱ्यात जा, तिथं समोरासमोर दोन बराकी आहेत, मध्ये गल्ली आणि गल्लीच्या मधोमध दगडी गटार. एका खोलीत मुलाला उभं करा आणि सांगा की तू जिथं उभा आहेस तिथं घोडा होता आणि त्याच्या पलीकडे त्याचा माणूस झोपायचा. उत्तरेच्या हिवाळ्यात तीन घोड्यांची ऊब काही थोडी नसते. वासही असणारच, पण मी इकडं उत्तरेत तंबूत राहून नोव्हेंबरात खणलंय, मी ऊबच निवडली असती.

पाण्याचं बघा आता. नदी एवढी जवळ, तरी या किल्ल्यात एक शिलालेख सापडला ज्यात लिहिलंय की गव्हर्नर उल्पियस मार्सेलसच्या काळात अस्तुरियन घोडदळासाठी पाणी आणलं. अॅक्वा अद्दुक्ता, पाणी आणलं, एवढंच. साधारण इ.स. १८० च्या आसपासची गोष्ट. मला हा शिलालेख फार आवडतो. नदी खाली आहे आणि किल्ला वर आहे, आणि पाणी चढत नाही, साधी गोष्ट. एक घोडा दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो असं धरलं तर पाचशे घोड्यांना रोज पंधरा हजार लिटर, माणसांचं आणि हमामाचं वेगळंच. घागरींनी कोण वाहणार एवढं? म्हणून वरच्या अंगाने उतारावरून पाट काढून आणला. ज्यांनी गावाकडं नदी दिसत असून हंडे वाहिलेत त्यांना हे समजावून सांगायला लागणार नाही.

हमाम मात्र नदीच्याच बाजूला आहे, किल्ल्याबाहेर उतारावर, आणि तुमच्यापैकी ज्यांना उंच भिंत बघायचीच होती त्यांची हौस तिथं फिटेल. डोक्याच्या वर, काही ठिकाणी तीन मीटरपर्यंत भिंती उभ्या आहेत. कारण साधं आहे, वरच्या उताराची माती पावसानं वाहत येऊन त्यावर साचत गेली आणि दगडचोरांच्या नजरेतून ती इमारत सुटली. जी नासधूस होते असं आपण म्हणतो, मातीखाली गाडलं जाणं, तेच आमच्या धंद्यात वाचणं असतं. आत गेल्यावर पहिलं मोठं दालन कपडे बदलायचं, तिथं भिंतीत ओळीनं सात कमानदार कोनाडे आहेत. आपल्या जुन्या घरातल्या दिवळीसारखे, पण मोठे. कोणी म्हणतं कपडे ठेवायला, कोणी म्हणतं देवांच्या मूर्ती होत्या, मी कपड्यांच्या बाजूची आहे कारण ओल्या अंगानं बाहेर आलेल्या माणसाला आधी कपडे लागतात. पुढं गार खोली, कोमट खोली, गरम वाफेची खोली, कोरड्या उष्णतेची वेगळी खोली. जमीन पोकळ, खाली भट्टीची गरम हवा फिरायची, लाकडी सपाता घालून चालायचे कारण फरशी पायाला चटके द्यायची. गरम खोलीच्या भिंतीत खिडकीचा खालचा भाग शिल्लक आहे, आतल्या बाजूला उतरता केलेला म्हणजे उजेड जास्त आत यावा. रोमन खिडकीची चौकट जागेवर बघायला मिळणं ब्रिटनमध्ये फार दुर्मिळ आहे, हात लावू नका पण थांबून बघा. आणि एकदा वाकून उंबरे बघा. मध्ये खोलगट झालेत. शेकडो वर्षं माणसांचे पाय पडून दगड झिजलाय, देवळाच्या पायरीसारखा. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा पुस्तकातलं सगळं विसरले आणि त्या एका उंबऱ्याशीच बसून राहिले होते.

आता पूल. तुम्ही लिहिलंय की हमामाच्या खाली नदीपर्यंत गेलो पण पूल काही दिसला नाही. बरोबर आहे, या काठावरून काही दिसत नाही, कारण नदी सरकलीय. अठराशे-एकोणीसशे वर्षांत नॉर्थ टाइन पश्चिमेकडे म्हणजे किल्ल्याकडे सरकत आली, या काठाचा पुलाचा भाग तिनं गिळला आणि पलीकडच्या काठाचा भाग कोरड्या जमिनीवर टाकून दिला. त्यामुळे पूल बघायला किल्ल्यातून बाहेर पडून चोलरफर्डच्या आजच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि काठानं पायवाटेनं दहा-पंधरा मिनिटं चालायचं. तिकीट नाही. झाडांच्या सावलीत, नदीपासून जरा आत, अचानक प्रचंड मोठ्या दगडांचा चौथरा समोर येतो आणि भिंत येऊन त्याला धडकते. बहुतेक लोक इथं येतच नाहीत. माझं म्हणणं असं की वेळ कमी असेल तर किल्ल्यातल्या एखाद-दोन इमारती सोडा पण हे सोडू नका.

इथं एकात एक दोन पूल आहेत. पहिला हेड्रियनच्या वेळचा, अरुंद, भिंतीवरचा पहारा पलीकडे जावा एवढाच. दुसरा नंतरचा, खूप मोठा, त्यावरून रस्ता जायचा, नदीत तीन खांब आणि चार कमानी. नवा बांधताना त्यांनी जुना पूर्ण काढला नाही, पहिल्या पुलाचा एक खांब नव्या चौथऱ्याच्या पोटात तसाच राहिला. नीट बघितलं तर त्याचा टोकदार आकार वेगळा ओळखू येतो, पाण्याचा जोर कापायला पुढं नाकासारखं टोक काढलेलं. त्या जुन्या खांबाच्या दगडांत डमरूसारख्या आकाराच्या खाचा दिसतील, दोन दगड एकमेकांना धरून ठेवायला त्यात कडी बसवलेली असायची. नव्या चौथऱ्यावर वेगळी पद्धत, दगडांवरून सरळ लांबच लांब चर गेलाय, त्यात लोखंडी पट्टी आणि वरून शिसं ओतलेलं. म्हणजे दोन पिढ्यांच्या गवंड्यांचे हात एकाच जागी दिसतात. प्रत्येक मोठ्या दगडाच्या माथ्यावर मध्यभागी एक खाच आहे, वर अरुंद आणि आत रुंद. तिच्यात लोखंडाचे तीन तुकडे असे बसवायचे की उचलायला लागलं की ते आत फाकून घट्ट होतात, आणि मग कप्पीनं दगड वर. मी एकदा आपल्या दगडकाम करणाऱ्या एका वडारी कारागिराला याचे फोटो दाखवले होते, त्यानं बोर्ड वाचला नव्हता, इंग्लिश येत नव्हतं, फोटो मोठा करून खाचेकडे बघितलं आणि लगेच म्हणाला, ताई, इथनं उचललाय. इथंही एका दगडावर तेच लिंगाचं चिन्ह कोरलंय. नदीवर पूल बांधताना माणूस घाबरतो आणि काहीतरी रक्षण मागतो, हे सगळीकडे सारखंच.

मग किल्ला एवढा बुटका का राहिला ते सांगते, कारण तुमचा मूळ राग तिथं आहे. ब्रिटनमधली रोमन सत्ता इ.स. ४१० च्या सुमारास संपली, पण दगड तिथंच होते, आणि घडीव दगड म्हणजे फुकटचं बांधकाम साहित्य. जवळच्या चोलर्टन गावाच्या चर्चमधले अखंड रोमन खांब चेस्टर्समधूनच गेले असं मानतात. हेक्सहॅमच्या मठाखालचं सातव्या शतकातलं तळघर रोमन दगडांचंच आहे, आत गेलात तर भिंतीत रोमन अक्षरं उलटीसुलटी दिसतात. स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवायला झालेल्या १७४५ च्या बंडानंतर लष्करी रस्ता बांधला तेव्हा तर मैलोन्‌मैल भिंत पाडून तिचाच चुरा रस्त्याखाली घातला, तुम्ही गाडीनं ज्या रस्त्यावरून गेलात तोच तो रस्ता. आणि १७९६ मध्ये नॅथॅनियल क्लेटन नावाच्या माणसानं चेस्टर्सची जमीन घेतली, घरासमोर नदीपर्यंत छान उतरतं हिरवळीचं मैदान हवं म्हणून उरलेले उंचवटे मातीनं सपाट करून टाकले.

त्याचाच मुलगा जॉन क्लेटन. न्यूकासलचा टाउन क्लार्क, म्हणजे शहराच्या कारभाराचा मुख्य अधिकारी, १७९२ ते १८९०, अठ्ठ्याण्णव वर्षं जगला. वडिलांनी बुजवलेलं त्यानं १८४३ पासून उघडायला घेतलं, आणि त्याहून मोठं म्हणजे १८३४ पासून भिंतीलगतची शेतं एकामागून एक विकत घेत गेला, फक्त दगडांची चोरी थांबावी म्हणून. आज भिंतीचा मधला भाग उभा आहे तो बऱ्याच अंशी या माणसामुळे. मी त्याचं नाव आदरानं घेते. पण तेवढ्याच मनापासून एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या मजुरांनी भिंती शोधल्या, दगड लागला की त्याच्या कडेनं खणत गेले आणि मधली माती फेकून दिली. त्या मातीत किल्ल्याची शेवटची शंभर वर्षं होती. पश्चिमेला इर्थिंग नदीच्या वरच्या बाजूला बर्डोस्वाल्ड म्हणून किल्ला आहे, तिथं १९८७ ते १९९२ मध्ये अगदी हळूहळू, थर सोडवत खोदकाम झालं, तेव्हा दिसलं की रोमन सत्ता संपल्यावरही लोक तिथंच राहिले होते, धान्याच्या कोठाराच्या जागी त्यांनी लाकडी दालन उभारलं होतं. पुरावा काय, तर सपाट दगडांच्या ओळी, लाकडी खांब टेकवायला ठेवलेल्या. असे दगड फावड्याने एका दुपारी उडून जातात. चेस्टर्सला तसं काही होतं का, ते त्या फेकलेल्या मातीबरोबर गेलं. म्हणून कोणी विचारलं की पुरातत्त्ववाले एवढं हळू का खणतात, ब्रश कशाला लागतो, तर मी बर्डोस्वाल्ड आणि चेस्टर्स ही दोन नावं सांगते.

आणि कृपा करून हे सगळं पुन्हा बांधा असं म्हणू नका. एखादा दरवाजा पुन्हा उभारलेला बघायचाच असेल तर साउथ शील्ड्सला आहे, मुलांना तिथं जरूर न्या, मजा येते. पण चेस्टर्सला जे गुडघाभर आहे ते खरं आहे. किल्ल्याबाहेर, विशेषतः दक्षिणेला, अजून अख्खं गाव जमिनीखाली आहे, दुकानं, घरं, रस्ते, विमानातून काढलेल्या फोटोंत आणि जमिनीच्या स्कॅनमध्ये दिसतं. ते गवताखाली आहे तेच बरं आहे. खिशात दगड, खापर घालू नका, मेटल डिटेक्टर तर अजिबात नको, परवानगीशिवाय तो इथं गुन्हा आहे.

म्युझियम तुम्ही दहा मिनिटांत उरकलं असं लिहिलंय, तिथं परत जा. ते जुन्या पद्धतीचं आहे, कपाटं, लेबलं, रांगेनं मांडलेले दगड, बटण दाबून काही होत नाही. पण तिथं ब्राँझचं एक मापटं आहे, बादलीएवढं, कार्वोरनच्या किल्ल्यापाशी १९१५ मध्ये सापडलेलं. धान्य मोजायचं, आपली पायली असायची तसं. बाहेरच्या अंगावर कोरलंय की यात साडेसतरा सेक्स्टारियस (रोमन माप, साधारण अर्धा लिटर) मावतात, आणि प्रत्यक्षात मोजलं तर त्याहून बरंच जास्त मावतं! आतमध्ये पातळीची खूण करणारी पट्टी असावी आणि ती हरवली असावी असं एक म्हणणं, दुसरं म्हणणं असं की शेतकऱ्याकडून धान्य घेताना मापात मारायचे. मला पट्टीचं म्हणणं जास्त पटतं, पण आमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी क्षणभरही विचार न करता दुसरं सांगितलं असतं. आणि त्याच मापट्यावर सम्राट डोमिशियनचं नाव खरवडून काढलेलं दिसतं, तो मारला गेल्यावर सेनेटनं त्याचं नाव पुसायचा हुकूम काढला, तो हुकूम रोमपासून एवढ्या लांब एका धान्याच्या मापट्यापर्यंत पोचला. बोट दाखवून मुलाला ती खरवडलेली ओळ दाखवा.

तिथून पुढं वेळ असेल तर विंदोलांडा हा आणखी एक रोमन किल्ला आहे, साधारण वीस किलोमीटरवर. चिखलात टिकलेल्या लाकडी पातळ फळ्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं आणि हिशोब तिथं सापडले. त्यातल्या एका उधारीच्या यादीत गाम्बाक्स नावाच्या सैनिकाच्या नावापुढं मिरे लिहिलेत, दोन दिनार. ते मिरे आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरचे, जहाजानं लाल समुद्रात, तिथून इजिप्त, तिथून रोम आणि मग इथं या गारठ्यात. ही यादी मी पहिल्यांदा वाचली त्या संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीत सार उकळत होतं आणि मी त्यात मिरेच ठेचून टाकले होते.

पुन्हा जाणार असाल तर उन्हाळ्याच्या शेवटी, आठ-दहा दिवस पाऊस नसेल तेव्हा जा. सकाळी किल्ला बघा, पूर्वेच्या दरवाजापासून सुरुवात करा, मग बराकी, तिजोरी, हमाम. दुपारी पलीकडच्या काठाला पुलापाशी डबा खा. नदीचं पाणी उतरलेलं आणि स्वच्छ असलं तर काठावरून पात्रात बघा, पाण्याखाली चौकोनी घडीव दगडांचे काळपट आकार दिसतात, ते पुलाचे खांब. मुलाला काठाशी सोडू नका, दगडांवर शेवाळ असतं आणि नदीला दिसतो त्यापेक्षा ओढ जास्त आहे.